कंसातली शैली

महाराष्ट्रात तळेगावं उदंड आहेत. दाभाड्यांचं आहे, ढमढेऱ्यांचं आहे, दशासर आहे आणि नागपूर-अमरावती रस्त्यावरचं आमचंही आहे. आमचं गाव कागदोपत्री कंसासकट चालतं : तळेगाव (श्यामजी पंत). नाव सगळ्यांचं, कंस आमचा. प्रस्तुत प्रबंधाचं प्रमेय यातूनच निघतं. मोठ्या माणसाची फॅशन उचलायला हरकत नाही, पण पुढं आपला कंस जोडावा. यास आम्ही ‘कंससिद्धान्त’ म्हणतो. मथुरेच्या कंसाशी याचा संबंध नाही. त्याच्या कपडेपटाविषयी साधनं तोकडी आहेत.

पूर्वसूरींत पहिला मान साधना यांचा. ‘लव्ह इन सिमला’च्या (१९६०) वेळी त्यांचं कपाळ मोठं दिसतं अशी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांची अडचण होती. उपाय ऑड्री हेपबर्नच्या कपाळावर सापडला. झुलपं तिची, कपाळ हिचं. पुढं देशभरच्या मुली ‘साधना कट’ मागू लागल्या आणि मूळ मालकिणीचं नाव कुणी काढेना. कंस एवढा मोठा झाला की गावाचंच नाव पुसलं गेलं!

‘दीवार’मधली (१९७५) शर्टाची गाठ याहून उद्बोधक आहे. शर्ट शिवून आला तो भलताच लांब, म्हणून खाली गाठ मारली, असं खुद्द अमिताभ यांनीच सांगितलंय. म्हणजे ती गाठ त्यांचा नाइलाज होता. ज्यांचे शर्ट मुळातच आखूड होते, त्यांनीही ती मारली. त्यातून जे उघडं पडलं त्याचा विचार स्वतंत्र प्रबंधात करावा लागेल.

वर्धा जिल्ह्यापुरतं बोलायचं तर आमच्याकडचा सर्वांत वजनदार फॅशनकर्ता १९३६ साली सेवाग्रामला राहायला आला. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत पंचा पत्करला आणि १९३१ मध्ये त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटून आले. टोपी त्यांनी केव्हाच सोडली होती. अनुयायांनी काय उचललं? टोपी! पंचा दोरीवर वाळत राहिला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा पाहा. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, हाती खराटा. पैकी पुढाऱ्यांनी फक्त खराटा घेतला, तोही फोटो निघेपर्यंत. यावरून उपप्रमेय : थोरांच्या वेषातलं माणूस तेवढंच घेतो, जे घरी आल्यावर खुंटीला टांगता येतं.

केस खुंटीला टांगता येत नाहीत. प्रस्तुत लेखक फसला तो इथंच.

२००३ साली सलमान खानचा ‘तेरे नाम’ आला आणि त्याच्या केसांपायी माझ्या वयाच्या तमाम पोरांनी कटिंग बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात, तीन महिने वाढवलेलं रान घेऊन मी खुर्चीत बसलो. कारागिरानं पाण्याचा फवारा मारला, मधोमध भांग पाडला, दोन्ही बाजू कपाळावर ओढल्या आणि कंगवा काढून घेतला. केस हळूहळू पुन्हा उभे राहिले, पावसानंतर गवत राहतं तसे. “सलमानचे पडते भाऊ,” तो म्हणाला, “तुमचे उभेच रायते.” एवढी नेमकी समीक्षा मला पुढं कुठल्या विद्यापीठात ऐकायला मिळाली नाही.

मग खोबरेल थापलं. केस पडले, पण बाहेर मे महिना होता. आमच्याकडच्या मे महिन्यात डोक्यावर तेल घेऊन निघालेल्या माणसाचं काय होतं, हे कढईतल्या भज्याला विचारावं. घाम आणि तेल मिळून डोळ्यांत उतरलं, आणि मी सायकलसकट घरासमोरच्या नालीत. आई दारातूनच म्हणाली, “दिसते का रे तुले काही?”

दुसऱ्या दिवशी मी वरून दुपट्टा गुंडाळला. आमच्याकडं उन्हात पुरुषही दुपट्टा बांधतात, त्यामुळं संशय आला नाही. खालून दोन बटा तेवढ्या लोंबू दिल्या. तेरे नाम (दुपट्टा). महिनाभर हीच शैली चालली, आणि सांगायला हरकत नाही, बरी दिसायची.

दुर्दैवानं मतदार ओळखपत्राचा फोटो दुपट्ट्याच्या आदल्या दिवशीचा आहे. मतदानाला गेलो की समोरचा माणूस आधी कार्ड बघतो, मग माझं टक्कल बघतो आणि विचारतो, “दुसरं काही आहे का?”