वॉट सोडा, स्पीकर बघा

गिटारचा अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॉटचा?" खिशाला चाट लावणारा याच्याइतका वाईट प्रश्न दुसरा नाही. दुकानदार आकडा सांगतो, पोरगं मोठ्या आकड्याला भुलतं, घरच्यांकडून आणखी पैसे मागतं आणि दहा बाय बाराच्या खोलीत ५० वॉटचं खोकं आणून ठेवतं. त्याचं व्हॉल्यूमचं बटण मग एकच्या पुढे कधी सरकत नाही.

आकड्याचा हिशेब एकदाच मांडून टाकू. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. शेजारीशेजारी ठेवून ऐकलं तर फरक कळेल, एवढाच. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट हवेत. १० वॉटच्या दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर १०० वॉट लागतील. १५ आणि ३० वॉटमधल्या फरकासाठी चार-पाच हजार जास्त मोजणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरा फरक स्पीकरने पडतो. १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल, हा प्रत्येक स्पीकरचा आकडा ठरलेला असतो. सेलेस्टियन कंपनीच्या 'व्हिंटेज ३०' या स्पीकरसाठी तो १०० आहे. दुसऱ्या एखाद्या स्पीकरचा ९४ असेल, तर ही ६ डेसिबलची तूट भरायला चौपट वॉट लागतात. म्हणजे पहिल्या स्पीकरवरचा १० वॉटचा अ‍ॅम्प दुसऱ्यावरच्या ४० वॉटच्या तोडीस तोड वाजतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असतात ते मात्र वॉट.

वॉटचं हे वेड आलं कुठून? १९६० च्या दशकात कार्यक्रमातली पीए, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेली मोठी ध्वनियंत्रणा, प्रामुख्याने गाणाऱ्याच्या आवाजासाठी असायची. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची जबाबदारी स्टेजवरच्या अ‍ॅम्पची. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांवर लोकांपुढे उभे राहिले ते १०० वॉटचे व्हॉक्स अ‍ॅम्प घेऊन, आणि किंचाळ्यांपुढे तेही पुरले नाहीत. लंडनच्या जिम मार्शलने १०० वॉटचे अ‍ॅम्प बनवले तेही 'द हू'सारख्या बँडला आणखी आवाज हवा होता म्हणून. त्या काळात ती गरज खरी होती. आज कॉलेजचं फेस्टिव्हल असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, साउंडवाला अ‍ॅम्पपुढे माइक लावतो किंवा मागून लाइन घेतो आणि गिटार मिक्सरमध्ये जाते. हॉल भरायचं काम पीएचं. अ‍ॅम्पचं काम तुम्हाला आणि तुमच्या ड्रमरला नीट ऐकू येण्यापुरतं उरलं आहे. साठ वर्षांपूर्वीच्या अडचणीसाठी आज हप्ते कशाला भरायचे?

आणि छोटा अ‍ॅम्प म्हणजे खेळणं, हा गैरसमजही सोडा. एरिक क्लॅप्टनने १९७० साली 'लैला' अल्बमच्या रेकॉर्डिंगला फेंडरचा चॅम्प वापरला. तो जेमतेम ५ वॉटचा.

घरच्या सरावाला ५ ते १० वॉट भरपूर झाले. त्यात दोन गोष्टी मात्र हव्यातच: हेडफोनची सोय, आणि मोबाइलवरचं गाणं लावून त्याबरोबर वाजवता येईल असा इनपुट. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. ४५ म्हणजे हळू बोलण्याइतका आवाज. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण्यापेक्षा हेडफोन लावा. ट्यूबचा अ‍ॅम्प घरात घ्यायचा मोह होतो, पण १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प रंगात येतो तो ड्रमच्या बरोबरीने वाजायला लागल्यावर. फ्लॅटमध्ये ती वेळ येणार नाही. शिवाय ट्यूबा बदलाव्या लागतात, आणि स्पीकर न जोडता तो चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जातो. बजेट कमी असताना ही उठाठेव करू नका.

बँडबरोबर वाजवायचं असेल तर एकच १२ इंची स्पीकर, ३० ते ५० वॉट, मागे मिक्सरला द्यायचा आउट, आणि एका हाताने उचलून रिक्षात ठेवता येईल इतकं वजन. वजनाचा विचार आधी करा. रोलंडचा जेसी-१२० हा नावाजलेला अ‍ॅम्प २८ किलोच्या आसपास भरतो. तो घेऊन संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावरून एकदा जायचं आहे असं समजा आणि मग ठरवा. घर आणि गिग दोन्हीसाठी एकच घ्यायचा असेल, तर बॉसच्या कटाना ५० सारखे अ‍ॅम्प बघा. त्यांची ताकद बटणावर अर्ध्या वॉटपर्यंत उतरवता येते.

अकूस्टिक गिटारवाल्यांचं गणित वेगळं. इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पमधून अकूस्टिक डब्यासारखी वाजते. त्यांनी चांगला डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडणारी डबी) घ्यावा आणि सरळ मिक्सरमध्ये जावं.

घेतलेला अ‍ॅम्प वापरायचा कसा, हे दुकानात कुणी शिकवत नाही. कॅफेतला नेहमीचा प्रकार बघा. अ‍ॅम्प जमिनीवर, गिटारवाला त्याच्यापुढे दोन फुटांवर. स्पीकरचा आवाज सरळ रेषेत जातो, म्हणजे त्याच्या पोटऱ्यांवर. त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो ट्रेबल वाढवतो, मग व्हॉल्यूम. समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या कानात तेवढ्यात सुया टोचायला लागतात. उपाय फुकट आहे: अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलून तोंड वर करा. आवाज तुमच्या कानाकडे आला की व्हॉल्यूम आपोआप कमी होईल.

दुसरी गोष्ट मिडची. घरी हळू आवाजात बेस आणि ट्रेबल कानाला कमी जाणवतात, म्हणून आपण तेच चढवतो आणि मिड पाडतो. एकट्याला ते गोड वाटतं. बँडमध्ये खाली बेस गिटार, वर झांजा. गिटारची जागा मधे, आणि ती तुम्हीच रिकामी केलेली असते. गिगला गेलात की बेस उतरवा, मिड चढवा, गेन घरच्यापेक्षा कमी ठेवा. सोलो ऐकू येत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. अ‍ॅम्प घूं घूं करतो म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढणारे महाभाग आजही भेटतात. ती अर्थिंगची पिन आहे. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. मांडवातल्या जनरेटरवर आणि लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डवर वाजवणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. घरघर उरलीच तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. पिनेला हात लावू नका. शंभर-दोनशे रुपयांचा सॉकेट टेस्टर गिटारच्या बॅगेत कायम असू द्या.

अमेरिकेतल्या दादाकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनी मागची पट्टी वाचावी. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल आणि तुम्ही तो आपल्या २३० व्होल्टला लावलात, तर पहिल्याच मिनिटाला धूर निघेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही अ‍ॅम्पच्या खपापेक्षा मोठ्या ताकदीचा. ते पैसे आणि कुरियरचं बिल धरलं की स्वस्ताई संपते. बिघडला तर वॉरंटीसाठी परत अमेरिकेला कोण पाठवणार?

आणि कान सांभाळा. १०० डेसिबलमध्ये सुरक्षित वेळ १५ मिनिटांची धरतात. जॅमिंग रूममध्ये तुम्ही दोन-दोन तास बसता. इअरप्लग नवीन तारांच्या सेटहून स्वस्त मिळतात, आणि गेलेला कान परत मिळत नाही.

तेव्हा दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. सगळी बटणं मध्यावर ठेवा, इफेक्ट बंद करा आणि साधी कॉर्ड वाजवा. आधी हळू, मग दुकानदार कपाळाला आठ्या घालेपर्यंत मोठ्याने. दोन्हीकडे प्रत्येक तार वेगळी ऐकू आली तर अ‍ॅम्प चांगला. जुना घेत असाल तर प्रत्येक बटण फिरवून खरखर तपासा, जॅक हलवून बघा, स्पीकरच्या कागदाला चीर आहे का ते टॉर्च मारून पाहा. वाचलेल्या पैशांत एक चांगली केबल आणि दोन महिन्यांची शिकवणी होते. गिटारवादक म्हणून तुमची किंमत त्याने वाढेल, वॉटने नाही.