ऊसतोडीला गेलेलं पोर सरासरीत कुठे?

४ डिसेंबर २०२४ला देशभर शाळकरी मुलांचं 'परख' सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी, नववीची मुलं पेपर सोडवत होती तेव्हा जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, घनसावंगीची कितीतरी पोरं आईबापांबरोबर उसाच्या फडात होती. नावं हजेरीपटावर, पोरं कोपीवर. मग जालन्याची सरासरी निघाली ती मागे राहिलेल्यांचीच.

गैरहजेरी योगायोगाची असती तर फारसं बिघडलं नसतं. इथे ज्याचं वाचन कच्चं राहण्याचा धोका जास्त, तोच नेमका गैरहजर. आकडेवारीतल्या अशा गळतीचं काय करायचं, याचा पाया संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६मध्येच घातला. दुसरी अडचण अशी की एका वर्गातली तीस मुलं म्हणजे तीस सुटे पुरावे नव्हेत. शिक्षक एक, गाव एक, पाण्याचा टँकरही एक. त्यासाठीची बहुस्तरीय पद्धत हार्वे गोल्डस्टीन यांनी १९८६मध्ये मांडली. आपल्याकडे शिक्षणशास्त्राचे प्रबंध मात्र अजून तिथेच: तीसचा प्रायोगिक गट, तीसचा नियंत्रित गट, 'टी' मूल्य, ०.०५ स्तरावर सार्थक, शून्य परिकल्पनेचा त्याग. झाली पीएचडी. याचा मला राग येतो, कारण याच निष्कर्षांवर उद्या शिक्षकांची प्रशिक्षणं बेतली जातात.

नमुन्याचं महत्त्व आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पीकविम्यासाठी मंडळात कुठला प्लॉट कापला, यावरून तो बांधावरच भांडतो. त्या पीक कापणी प्रयोगांना शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. सोयाबीनच्या उताऱ्यासाठी आपण एवढे काटेकोर, मग पोरांच्या वाचनासाठी का नाही?

संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली हुशार मुलगी आज बँकेच्या नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या मागे लागते. शिक्षणातली आकडेवारी हेच आयुष्याचं काम करायचं म्हटलं, तर एमएडशिवाय शिक्षणशास्त्र विभागाचं दार तिला जवळपास बंद. आणि एमएडवाल्याला संख्याशास्त्र म्हणजे प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणापुरतं, तेही बाहेरून करून घेतलेलं. दोन विभागांच्या मधली ही जागा मराठवाडा विद्यापीठाने भरावी. जालन्याच्या 'डाएट'मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, शिक्षणातल्या आकडेवारीसाठी एक पद निर्माण व्हावं, पूर्ण पगाराचं. तासिका तत्त्वावरचं नको.

त्या पदावरच्या माणसाचं पहिलं काम ठरलेलं आहे. डिसेंबरचे हजेरीपट मागवायचे, पाडव्याच्या सुमारास फडावरून परतलेली पोरं गावोगाव गाठायची, त्यांना तोच पेपर द्यायचा आणि जिल्ह्याची सरासरी पुन्हा काढायची. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावातच हंगामी वसतिगृहात राहिलेल्या पोरांचा वेगळा हिशेबही त्यातच निघेल.