बारमाही चातुर्मास

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांमध्ये एक श्वानकाका असतात. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले. एका हातात लॅब्रॅडॉरचा पट्टा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. लॅब्रॅडॉर मुलाने हौसेने आणलेला असतो. मुलगा आता परदेशी आणि ब्रूनो काकांकडे. नोकरीत असताना हे गृहस्थ मेथी आणायला जाऊन शेपू घेऊन येत. आता मात्र गाजर मोडून, त्याच्या आवाजावरून ताजेपणा ठरवतात.

"एवढं निवडून कुणासाठी चाललंय काका? घरात बाळंतीण आहे का?" भाजीवाल्या मावशी विचारतात.

"ब्रूनो आहे," काका सांगतात.

ज्या हातांनी काकूंना कधी कोथिंबीर निवडून दिली नाही, ते हात आता गाजराचे बारीक तुकडे करतात. जाड चकती हावरटासारखी गिळली तर घशात अडकते, म्हणून. काकडीचं टोक कापून, चोळून, फेस काढून आधी स्वतः चाखायची आणि मग ब्रूनोला द्यायची. फरसबी नुसती उकडलेली: मीठ नाही, तेल नाही, फोडणी तर नाहीच. लाल भोपळाही तसाच, पाण्यात शिजवलेला. भोपळा एकट्या ब्रूनोला संपत नाही, त्यामुळे आठवड्यातून दोनदा घरच्या माणसांनाही भोपळाच. मक्याचे दाणे चालतात, पण कणसाचा बुरकुंडा आतड्यात अडकतो. म्हणून सिंहगडावर भुट्टा खाताना काका ब्रूनोकडे पाठ करून उभे राहतात.

पण श्वानकाकांचा खरा शत्रू म्हणजे कांदा, आणि त्याचा धाकटा भाऊ लसूण. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, परतलेला असो की मसाल्यातली पूड असो. शिवाय त्रास लगेच दिसत नाही, काही दिवसांनी कुत्रं मलूल होतं, तोवर कुणी काय भरवलं हे घरातलं कुणी कबूल करत नाही. आता मराठी स्वयंपाकघरातून कांदा-लसूण वजा केला तर उरतं काय? वरणभात आणि उपासाची भगर. थोडक्यात, ब्रूनोचा चातुर्मास बारा महिने चालू, आणि कांदेनवमी त्याच्या पंचांगातच नाही.

बरं, प्राणी असा की दगडही चघळून पाहील. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की सुमारे चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि असे कुत्रे खाण्यामागे जास्त लागतात. काका ही माहिती लिफ्टमध्ये भेटेल त्याला देतात. काकू एकदा म्हणाल्या, "तो तुकडा तुमच्या घराण्यातही गळालेला दिसतोय."

कारण काकांना साखर आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर आहे. त्याच्या वर, मोठ्या अक्षरांत, ब्रूनोचा तक्ता. वरखाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, हा नियम काका मुदतठेवीच्या व्याजावर टीडीएस कापावा तसा पाळतात. स्वतःच्या बाबतीत मात्र कोपऱ्यावरच्या गाडीवरची कांदाभजी हिशेबात धरत नाहीत. तेवढ्यापुरता ब्रूनो घरी असतो. भजी त्याला वर्ज्य ना!

मागे बी विंगमध्ये सत्यनारायण होता. काका ब्रूनोसकट तीर्थप्रसादाला गेले. यजमानांच्या आजींनी कौतुकाने द्रोणभर शिरा ब्रूनोपुढे ठेवला. काका असे झेपावले की आजी मागच्या मागे खुर्चीत बसल्या.

"बेदाणे आहेत त्यात! कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात! द्राक्षंही नाहीत चालत!"

"अहो, पण देवाचा प्रसाद आहे," आजी म्हणाल्या. "नाही म्हणू नये."

मुद्दा बिनतोड होता. प्रसाद परत करता येत नाही, टाकताही येत नाही, आणि ब्रूनोला तर देताच येत नाही. काकांनी सगळ्यांदेखत, अत्यंत नाइलाजाने, ब्रूनोच्या वाट्याचा शिरा खाल्ला. मग स्वतःच्या वाट्याचाही. तूप सुटलेला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

काकू काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी काकांच्या ताटात उकडलेली फरसबी वाढली. बिनमिठाची.