बिंदू मांडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (जुन्नर व आंबेगाव तालुक्यांपुरती)

आलेख काढणारा कॅल्क्युलेटर कॅसिओ कंपनीने १९८५ साली बाजारात आणला. नारायणगावच्या बाजारात त्याची आवक अद्याप सुरू झालेली नाही. सबब, यंत्र मिळवणे हीच पहिली पायरी. स्टेशनरीच्या दुकानात नुसते ‘कॅल्क्युलेटर द्या’ म्हणालात तर बारा आकड्यांचा, जीटी आणि एमयू अशी बटणे असलेला हातात पडेल. आडतीवर पट्टी करायला तो उत्तम, पण त्याला अक्ष नसतात. खरा मार्ग एकच. ज्यांच्या भावकीतले कोणी न्यू जर्सीत आहे, त्यांनी तिकडचे पोर बारावी पास होईपर्यंत कळ काढावी. अमेरिकेतल्या शाळांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस सर्रास वापरतात. शाळा संपली की तो घरात कोणाला नको असतो. मग पुढच्या दिवाळीत चॉकलेटांच्या पिशवीतून तो जुन्नरला उतरतो. त्याला लागणारे चार बारीक सेल मात्र इथे मिळतात.

ज्यांची भावकी ओतूरच्या पुढे गेलेली नाही त्यांनी मोबाइलवर जिओजेब्रा किंवा डेस्मॉस उतरवून घ्यावे. फुकट आहे, रंगीत आहे आणि चटकन जमते. पण चटकन जमणाऱ्या गोष्टीवर मार्गदर्शन काय लिहिणार? तेव्हा यंत्राकडेच वळू.

स्टॅट दाबावे, एडिट निवडावे. पडद्यावर एल-१, एल-२ असे रकाने येतात. पहिल्यात एक्स निर्देशक, दुसऱ्यात वाय. पाठ्यपुस्तकातले (२, ३) आणि (-४, १) हे बिंदू कोणाच्याच मालकीचे नसतात. ते चुकले तर कोणाची झोप उडत नाही. म्हणून आपण टोमॅटो घेऊ. एक्सवर पहिल्या तोड्यापासूनचे दिवस, वायवर वीस किलोच्या क्रेटला नारायणगावात मिळालेला भाव.

दिवस लिहिला आणि भाव लिहायचा राहिला, तर यंत्र ‘डिम मिसमॅच’ म्हणत अडून बसते. दोन्ही रकान्यांत आकडे सारखेच भरले पाहिजेत. बाजार बंद असेल तो दिवसच खोडून टाकावा. त्याच्यापुढे शून्य लिहू नये. शून्य हाही एक भाव आहे. माल रस्त्याकडेला ओतून द्यावा लागतो त्या दिवसांसाठी तो राखून ठेवलेला बरा.

आता सेकंड दाबून वाय-इक्वल्स, तिथे प्लॉट-१ ऑन, आणि मग ग्राफ. पडदा कोरा! निम्मे शिकाऊ या टप्प्यावर यंत्राला शिव्या देतात, उरलेले सेल बदलतात. यंत्र निर्दोष आहे. वेगळे काही सांगितले नसेल तर ते दोन्ही अक्षांवर उणे दहा ते अधिक दहा एवढाच मुलूख दाखवते, आणि जुलै २०२३ मध्ये क्रेटचा भाव दोन हजारांवर गेला होता. दहा रुपयांच्या खिडकीत बसून दोन हजार दिसतील कसे? बिंदू हरवलेला नसतो, तो खिडकीबाहेर असतो. झूम दाबून नऊ दाबावे. यंत्र खिडकी ताणून सगळे बिंदू आत घेते.

ताणलेल्या खिडकीचीही किंमत मोजावी लागते. या पडद्याची उंची अवघी ६४ ठिपक्यांची. वायची मर्यादा शून्य ते दोन हजार ठेवली की एकेका ठिपक्याच्या वाट्याला तीसेक रुपये येतात. म्हणजे क्रेटमागे वीस रुपयांसाठी सकाळी आडत्याशी घातलेली हुज्जत आलेखात बहुधा दिसतच नाही. त्याच हंगामात दीड-दोन महिन्यांत भाव कोसळला, तो उतार मात्र अगदी ठसठशीत उमटतो. शेजाऱ्याला दाखवायचा तर आलेख इथेच थांबवावा.

आणखी शिकायचे असेल त्यांनी वायवर भावाऐवजी नफा घ्यावा आणि आजचा दिवस आरंभबिंदू मानावा. आता चारही चरण कामाला लागतात. पहिला चरण, म्हणजे पुढचे दिवस आणि नफा, हा रोपवाटिकेत रोपे घेताना दिसतो. दुसरा, मागचे दिवस आणि नफा, हा पारावर बसल्यावर दिसतो. दर खेपेला त्यातले बिंदू थोडे वर सरकलेले असतात. तिसरा सोसायटीच्या खातेउताऱ्यात असतो. चौथ्याबद्दल घरात बोलू नये. उणे संख्या भरताना एन्टरच्या डावीकडचे कंसातले उणे दाबावे. उजव्या रांगेतले वजाबाकीचे वेगळे. यंत्राला तोटा आणि वजाबाकी यांतला फरक कळतो, आणि गल्लत केली की ते ‘सिंटॅक्स’ म्हणून ओरडते.

बिंदू रेषेने जोडण्याची सोयही आहे, पण यंत्र ते यादीतल्या क्रमाने जोडते. दिवस उलटसुलट भरले असतील तर पडद्यावर माळशेज घाट उतरतो.

एवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी नारायणगावहून खोडदला जावे. बिंदू मांडण्याचे तालुक्यातले सर्वांत मोठे यंत्र तिथे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मधल्या चौरस किलोमीटरभरात दाटीने, १६ इंग्रजी वायच्या तीन भुजांवर दूरदूर, इतक्या की टोकाच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटर पडतात. इथे बिंदू एका अँटेनाचा नसतो, जोडीचा असतो. तीस जणींच्या जोड्या ४३५ होतात, आणि आकाशातल्या स्रोताकडून पाहिले तर प्रत्येक जोडीचे अंतर व दिशा मिळून आलेखावर एक बिंदू पडतो. अँटेना मान वळवतात, जागा सोडत नाहीत. पण पृथ्वी फिरते, त्यामुळे तिकडून दिसणारे अंतर बदलते आणि बिंदू लंबवर्तुळाच्या चापावरून सरकत राहतो. शिवाय (३, ४) मिळाला की (-३, -४) फुकट. आठ-दहा तासांत आलेख बऱ्यापैकी भरतो, मग गणित करून त्यातून आकाशाचे चित्र काढतात. खतपाणी नाही, फवारणी नाही. नुसते पृथ्वीला फिरू द्यायचे. आरंभबिंदू मात्र रिकामाच राहतो, कारण दोन अँटेना एकाच जागी उभ्या राहू शकत नाहीत. शून्याशी या तालुक्याचे जुनेच वाकडे आहे. नाणेघाटातल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन लेखात दानाच्या गाई, घोडे, कार्षापणे यांचे आकडे कोरलेले आहेत; ते देशातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. त्यांत शून्य नाही.

खोडदला मोबाइल बंद ठेवावा लागतो, तेव्हा तुमचा टीआय-८४ही गाडीतच राहू द्या. रेडिओ गोंगाटाच्या बाबतीत ही दुर्बीण कोणाचीच भीड ठेवत नाही. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, असे भूमितीत शिकवतात. पुणे आणि नाशिक या दोन बिंदूंतून जलद रेल्वेची रेषा ओढायला घेतली, तेव्हा मध्ये खोडद आले आणि आखणी पुन्हा करायची वेळ आली.

दहावीच्या मुलांसाठी स्वतंत्र सूचना: यातले काहीही परीक्षा केंद्रावर नेऊ नका, पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही. टोक केलेली पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर न्या. आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात वरती प्रमाण लिहा, अक्षांना नावे द्या, आणि रेषा दोनऐवजी तीन बिंदूंवरून काढा. एखादा चुकला तर तो रेषेबाहेर पडून लगेच कळतो.