बिनपगारी मुआयनेदार

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांपेक्षा स्वतःच स्वतःची नेमणूक करून घेतलेल्या अधिकाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. आणि सरकारी अधिकारी बदलीच्या हुकुमाने आज ना उद्या जिंतूरला किंवा गंगाखेडला जाईल अशी आशा तरी बाळगता येते, परंतु या दुसऱ्या वर्गाला ना बदली असते ना रजा, आणि पेन्शन सुरू झाल्यापासून तर त्यांची कार्यक्षमता विलक्षण वाढते. या वर्गात सर्वांत आदरणीय व सर्वांत दुर्निवार असे जे गृहस्थ, त्यांना आपण मुआयनेदार म्हणू. गावात कोणाच्याही घरी कोणतीही वस्तू यावयाची झाली, मग तो मिक्सर असो, पाण्याची मोटर असो वा जावयाला द्यावयाची दुचाकी असो, तर त्या वस्तूचा रीतसर मुआयना करून, सर्व संबंधितांच्या जबान्या घेऊन, बाजू व प्रतिबाजू तोलून शेरा मारणे हे त्यांचे कार्य. आणि या कार्याचा मोबदला म्हणून ते अर्धा कप चहाखेरीज काहीही घेत नाहीत. मात्र हा अर्धा कप तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र असतो, हे घरातील गृहिणीने ध्यानात ठेवलेले बरे.

मुआयनेदार बहुधा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असतात. त्यांच्या वडिलांनी निजामी अमदानीत उर्दूतून मिसली लिहिलेल्या असतात, त्यामुळे ‘तपासणी’ या शब्दाने त्यांचे समाधान होत नाही; त्यांना मुआयनाच लागतो. नव्या वस्तूंविषयी त्यांना भय नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की नानलपेठेतले रस्ते ओस पडत, तेव्हा तरुणपणी गच्चीवर चढून शेजारच्या घरांचे अँटेना फिरवून देणारे तेच होते. आणि त्याच वर्षी अमेरिकेत कोडॅक कंपनीतील टँग व व्हॅन स्लाइक या दोघा शास्त्रज्ञांनी सेंद्रिय द्रव्याच्या अतिशय पातळ थरांतून अल्प विजेवर प्रकाश काढून दाखवला होता, ही गोष्ट त्यांना आज इतकी तोंडपाठ आहे, की त्या वेळी कोडॅकच्या गच्चीवरही तेच उभे होते असा ऐकणाराचा समज व्हावा.

त्या पातळ थरांचे पुढे ओएलईडी झाले, २००७ मध्ये सोनीने ११ इंचांचा पहिला दूरदर्शन संच विकायला आणला, आणि अखेर ही विद्या गेमिंग मॉनिटरच्या रूपाने वसमत रस्त्यावरील एका कुटुंबात कलहाचे बीज होऊन अवतरली. या घरातील चिरंजीवांना २७ इंचांचा असा मॉनिटर हवा होता. किंमत पन्नास हजारांच्या पुढे. वडील शिक्षक; त्यांनी प्रथम नकार दिला, मग ‘विचार करू’ म्हटले, आणि विचार करणे म्हणजे मुआयनेदारांना निरोप धाडणे, हा त्या गल्लीचा शिरस्ता असल्याने तसा निरोप गेला.

मुआयनेदार आले ते वही घेऊनच. त्यांनी पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही, कंपनीचाही विचारला नाही, त्यांनी विचारले, “या पडद्यावर हक्कदार किती?” घरात एकच अर्जदार आहे अशा समजुतीत असलेल्या चिरंजीवांचा चेहरा त्या क्षणीच उतरला. जबान्या सुरू झाल्या. आजोबांनी सांगितले की दिवसभर बातम्या आणि सामना असेल तेव्हा सामना, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. आईंनी संध्याकाळच्या मालिका नोंदवल्या. वडिलांना शाळेचे तक्ते भरावयाचे होते आणि पाथरीजवळच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा अधूनमधून पाहावयाचा होता. तो पाहिल्याने जमीन वाढत नाही, परंतु जीव शांत होतो. थोरली मुलगी कृषी विद्यापीठात शिकत असल्याने तिला कपाशीच्या पानांवरील रोगांची छायाचित्रे न्याहाळावयाची होती. चिरंजीव तेवढे गेमचे.

“म्हणजे पंचवीस टक्केसुद्धा गेम नाही,” मुआयनेदारांनी वहीत लिहिले, आणि खिडकीकडे वळले.

ही खिडकी पश्चिमेची होती. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांपलीकडे जाणाऱ्या या गावात पश्चिमेच्या खिडकीतून जे ऊन येते, त्याला प्रकाश म्हणणे हा त्या शब्दाचा संकोच आहे. मुआयनेदारांनी भर दुपारी ते ऊन मनगटावर घेऊन पाहिले आणि स्पष्ट केले की या मॉनिटरची सारी थोरवी त्याच्या काळ्या रंगात आहे. साध्या एलसीडी पडद्यामागे एक दिवा सतत जळत असतो आणि काळे दाखवावयाचे झाले तरी तो दिवा अडवावा लागतो, त्यामुळे थोडा उजेड झिरपतोच, तर येथे प्रत्येक बिंदू स्वतःचा दिवा स्वतः लावतो व काळ्याची वेळ आली की स्वतःच विझतो. मात्र चिरंजीवांना हव्या असलेल्या क्वांटम डॉट जातीच्या ओएलईडी पडद्यावर बाहेरचा उजेड गिळणारा ध्रुवणाचा पापुद्रा नसल्याने खोलीत लख्ख ऊन असेल तर हे विझलेले काळे करडे-जांभळट दिसू लागते. “अंधारासाठी पन्नास हजार मोजायचे, आणि अंधार खोलीत शिरू द्यायचा नाही,” ते म्हणाले, “हे कोणत्या नियमात बसते?” आईंनी विनाविलंब जाड पडद्याचे कापड कोणत्या दुकानात मिळते ते सांगितले, आणि ती बाब वहीत खर्चाच्या रकान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळी स्टेशन रोडवरील दुकानात गेली. दुकानदाराने कोणा हौशी गिऱ्हाइकासाठी संभाजीनगरहून मागवलेला आणि त्या गिऱ्हाइकाने न उचललेला असा एक मॉनिटर तेथे होता, आणि त्याला खपवण्याची दुकानदाराची उत्कंठा त्याच्या नमस्कारातच प्रकट झाली होती. मुआयनेदारांनी प्रथम दुकानातील सर्व दिवे घालवावयास सांगितले. दुकानदार म्हणाला, “साहेब, दिवे घालवले की लाईट गेली म्हणून गिऱ्हाईक बाहेरूनच परत जातंय.” तरी दिवे गेले. मग मुआयनेदारांनी पडद्यावर नुसता काळा रंग आणावयास सांगितले. पडदा त्या अंधारात असा नाहीसा झाला की दुकानदाराचा पोऱ्या धावत येऊन बटण चाचपू लागला, तेव्हा मुआयनेदार प्रसन्न मुद्रेने उद्गारले, “चालू आहे. हेच बघायला आलो होतो.” सारे जण बराच वेळ काही न दिसणाऱ्या त्या वस्तूकडे पाहत उभे राहिले. इतक्या खर्चाचे ‘काहीच नाही’ त्या गावाने पूर्वी पाहिले नसावे.

यानंतर खिशातून पेन ड्राइव्ह निघाला. त्यात सातबारा होता. जगातील परीक्षक असल्या मॉनिटरची परीक्षा घेताना रोमन अक्षरे पाहतात. आमच्या मुआयनेदारांनी देवनागरी पाहिली, आणि माझ्या मते या विषयात त्यांनी भर घातली ती येथे. साध्या पडद्यात तांबडा, हिरवा, निळा हे तीन उपबिंदू एका ओळीत उभे असतात आणि संगणकाची अक्षरे त्या रांगेचा हिशेब धरून कोरली जातात. क्वांटम डॉट ओएलईडीत मात्र ते त्रिकोणात मांडलेले, हिरवा वर आणि बाकीचे दोघे खाली. परिणामी आडव्या कडांना वर-खाली हिरवट व जांभळट झाक येते. रोमन लिपीत आडव्या कडा त्या मानाने तुरळक. आमची लिपी तर शिरोरेषेलाच टांगलेली. मुआयनेदारांनी नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून भोगवटादाराच्या नावावरची रेघ तपासली आणि “शिरोरेषेस किंचित रंग चढतो” अशी नोंद केली. याच २७ इंचांत २५६० गुणिले १४४० बिंदूंऐवजी ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा पडदा घेतल्यास ही झाक जवळजवळ दिसेनाशी होते, कारण इंचामागे बिंदू सुमारे ११० ऐवजी १६० च्या वर जातात. परंतु किंमतही त्याच दिशेने जाते, हे दुकानदाराने विनयपूर्वक निदर्शनास आणले.

सातबाऱ्याचे पान पूर्ण पांढरे होते. पूर्ण पांढऱ्यावर हा मॉनिटर आपले तेज आपण होऊन आवरतो, कारण सर्वच दिवे एकदम पेटले तर वीज व उष्णता दोन्ही आवाक्याबाहेर जातात. काळोखातल्या लहानशा ठिणगीला १००० निटपर्यंत तेज देणारे हे यंत्र कागदासारख्या पांढऱ्या पानाला २५० निटच्या आसपास देऊन मोकळे होते, म्हणजे कचेरीतला साधा मॉनिटर देतो तेवढेच. शाळेचे तक्ते भरण्यासाठी वडिलांना यापासून लाभ शून्य, असा निष्कर्ष निघाला. मुलीच्या बाजूने मात्र निकाल चांगला लागला: पानावरील करपा आणि नुसते वाळणे यांतील तपकिरी छटांचा भेद येथे असा स्वच्छ उमटला की दुकानदारानेही वाकून पाहिले व त्याच्या शेतातल्या कपाशीबद्दल तिलाच प्रश्न विचारला.

आता चिरंजीवांचा गेम. सेकंदाला २४० चित्रे, म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम ४ मिलिसेकंद, आणि बिंदूला रंग बदलावयास लागणारा वेळ कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ०.०३ मिलिसेकंद; त्यामुळे वेगाने वळणाऱ्या गाडीमागे शेपटासारखा जो धूसर ओघळ साध्या पडद्यावर राहतो तो येथे नाही. चिरंजीव हे सांगत असता त्यांच्या आवाजात भक्तिभाव आला होता. मुआयनेदारांनी शांतपणे विचारले, “आजोबांच्या सामन्याचे प्रक्षेपण सेकंदाला किती चित्रांचे?” पन्नास, असे उत्तर आले. “मग उरलेली एकशे नव्वद आजोबांच्या खाती अनावश्यक,” आणि वजाबाकी वहीत मांडली गेली. शिवाय असेही उघडकीस आले की या मॉनिटरला ध्वनिवर्धकच नाही. आईंच्या मालिकेत सासू बोलते काय हे कळण्यासाठी ते वेगळे विकत घ्यावे लागतील. आई म्हणाल्या, “ती काय बोलती ते मला आवाजाशिवाय बी कळतं,” परंतु बाब खर्चाच्या रकान्यात गेलीच.

सर्वांत गंभीर आक्षेप आजोबांवर आला. हे सेंद्रिय बिंदू वापराने झिजतात, आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने ही झीज वाढते. सबंध पडदा सारखा झिजला तर कोणाच्या ध्यानात येत नाही, परंतु बातम्यांच्या वाहिनीची खालची तांबडी पट्टी आणि कोपऱ्यातील बोधचिन्ह यांच्या जागचे बिंदू, एकाच टेबलावर एकाच फायलीवर तीस वर्षे बसवलेल्या कारकुनाप्रमाणे, पुढे दुसरे कोणतेही काम दिले तरी त्या जुन्या फायलीचीच छाया दाखवत राहतात. आजोबांनी विचारले, “म्हणजे मी बातम्या पाहिल्यानं नातवाच्या गाडीखाली पट्टी उमटणार?” मुआयनेदार म्हणाले, “कालांतराने, तशी शक्यता आहे.” वृद्धांच्या मुखावर जे समाधान पसरले, ते कोणत्याही सामन्याने इतक्यात दिले नसावे. कित्येक कंपन्या या दोषाला तीन वर्षांची हमी देतात, हे चिरंजीवांनी तीनदा सांगितले. ते कोणी मनावर घेतले नाही.

या झिजेवर उपाय म्हणून सुमारे चार तासांच्या वापरानंतर मॉनिटर झोपवला की तो काही मिनिटे स्वतःची डागडुजी करतो. अट एवढीच की त्या वेळी वीज तोडू नये. हे वाक्य ऐकताच मुआयनेदारांनी लेखणी खाली ठेवली. कारण एकीकडे केव्हा येईल याचा नेम नसलेले भारनियमन, आणि दुसरीकडे आईंची नेमाची सवय: रात्री निजण्यापूर्वी घरातील भिंतीवरचे प्रत्येक बटण, फ्रीजचे सोडून, त्या स्वहस्ते बंद करतात. भारनियमनावर इन्व्हर्टरचा उपाय सुचवण्यात आला. आईंवर उपाय नव्हता. तरी ‘हे बटण बंद करू नये’ असा मजकूर असलेली चिठ्ठी मुआयनेदारांनी तेथल्या तेथे सुवाच्य अक्षरांत लिहून दिली आणि खाली सही-तारीख केली, कारण बिनसहीच्या कागदाला गृहिणी जुमानत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या स्वतःच्या घरी सहीच्या कागदालाही कोणी जुमानत नाही, हे गावात सर्वांना ठाऊक असून कोणी बोलून दाखवत नाही.

शेरा आठ ओळींचा झाला. त्याचा मथितार्थ असा, की प्रस्तुत वस्तू रात्रीच्या गेमला व चित्रपटाला उत्तम, रोगट पानांना उत्तम, सामन्याला बरी, मालिकेला मुकी, सातबाऱ्याला मध्यम आणि बातम्यांना वर्ज्य. सबब आजोबांचा जुना दूरदर्शन संच कायम ठेवून, पश्चिमेची खिडकी झाकून, इन्व्हर्टर व ध्वनिवर्धकासह ती घेण्यास हरकत नाही. “बनी तो बनी, नहीं तो परभणी,” असे म्हणत शिक्षकांनी पैसे मोजले, आणि त्याच संध्याकाळी मॉनिटर घरी येऊन पोहोचला.

रात्री तो जोडला गेला. चिरंजीवांचा गेम सुरू झाला आणि सेकंदाला चाळीस चित्रांवर अडखळू लागला. घरातील संगणक जुना, त्यातील ग्राफिक्स कार्ड त्याहून जुने, आणि २४० चित्रे दाखवू शकणाऱ्या पडद्याला २४० चित्रे पुरवील असे त्या पेटीत काहीही नव्हते. नवीन कार्डाची किंमत चिरंजीवांनी अत्यंत हळू आवाजात सांगितली. शिक्षक तसेच चपला घालून मुआयनेदारांच्या दारी गेले आणि म्हणाले, “साहेब, एवढा मुआयना केलात, संगणकाचं कसं राहिलं?”

“राहिलं नाही,” मुआयनेदार वही उघडून म्हणाले. “पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण तो मुद्दा अर्जात नव्हता. नवा अर्ज आणा, उद्या सकाळी घेऊ.”