अकरा महिन्यांचे आप्पा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरेच्या अलीकडे सारोळे लागते. नदी ओलांडली की शिरवळ, म्हणजे जिल्हा बदलला. २०१० साली हा रस्ता सहापदरी करायला घेतला आणि रस्त्याकडेच्या जमिनीला पिकापेक्षा शटरचे उत्पन्न बरे, हे गणित गावोगाव पटले. त्या गणितातून गाळेमालक जन्माला आला. त्याला आपण आप्पा म्हणू. हे कुणा एकाचे नाव नव्हे, हुद्दा आहे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, सातबारा तोंडपाठ. आप्पा दुष्काळाला भीत नाहीत, भावकीला भीत नाहीत. ते फक्त एका क्रियापदाला भितात, ते म्हणजे ‘बसणे’. लग्नाच्या पंगतीत माणूस बसला तर आप्पा स्वतः वाढतील, पण गाळ्यात ‘बसला’ तर संपले. या आजारावर त्यांच्याकडे एकच औषध आहे: अकरा महिन्यांचा करार. वर्षाचा म्हटले की त्यांना घाम फुटतो आणि अकरा महिने म्हटले की शांत झोप लागते. बाराव्या महिन्याला त्यांच्या पंचांगात जागाच नाही.

आप्पांना भित्रे म्हणून हसणे सोपे आहे, पण ही भीती त्यांची स्वतःची नाही. ती मुंबईची आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने तिथली भाडी १९४० च्या सप्टेंबरातल्या आकड्याला बांधून टाकली. पुढे दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानगीवर जागेत होते, ते कायद्याने थेट भाडेकरू ठरले. आदल्या दिवशीचा पाहुणा दुसऱ्या दिवशी घरचा झाला. भाडी गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत १९९७ उजाडले. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. एवढ्या काळात चाळमालकाच्या पोटातला गोळा कात्रजचा घाट उतरून खाली आला आणि सारोळ्याच्या गाळ्यात मुक्कामाला राहिला. गंमत अशी की हा नवा कायदाही त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. ज्या गावाचे नाव अनुसूचीत नाही, तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि त्यात महिनेवारी भाडेकरूला काढायला पंधरा दिवसांची नोटीस पुरते. म्हणजे ज्या रोगाची साथ शहरात होती, त्याचे औषध आप्पा गावात घेत आहेत, तेही चुकीचे.

चुकीचे का, ते सांगतो. अकरा महिन्यांची युक्ती मुळात नोंदणी चुकवण्याची. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून एक महिना कापला. पण जिथे १९९९ चा कायदा आहे तिथे मुदत अकरा महिने असो की अकरा दिवस, करार लेखी आणि नोंदलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडेकरूचे तोंड बंद करायला केलेला कागद त्याच्याच हातात माईक देतो! कागदाच्या माथ्यावर ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे ठळक छापून आप्पा निर्धास्त होतात. पण शीर्षकाने काही ठरत नाही, व्यवहार काय आहे ते पाहायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवले आहे. शटरची एकमेव किल्ली भाडेकरूच्या करदोट्याला असेल तर ‘लायसन्स’ या शब्दाने किती ओझे उचलायचे? शिवाय मुदत संपल्यावरही आप्पा भाडे घेत राहतात, आणि भाडे घेणे म्हणजे ‘राहा’ म्हणणे, असेच १८८२ चा कायदा समजतो.

आप्पा म्हणतील, नोंदणीला पैसे पडतात. हिशेब मांडू. आठ हजार भाडे, पन्नास हजार डिपॉझिट, मुदत अकरा महिने. अशा करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर. ते होते सुमारे २३१ रुपये. नोटरीपुढे ठेवायला आप्पा जो स्टॅम्प आणतात, तो एकटाच पाचशेचा. नोंदणी फी वेगळी पडते हे खरे, पण दरवर्षी चहापाण्यासकट नोटरी करण्याच्या तुलनेत ती डोईजड नाही.

दुसरा मुद्दा अधिक मर्दानी असतो: कोर्टकचेरी कोण करतो, सरळ कुलूप लावू. लावा. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ नुसार, कायद्याची वाट सोडून ज्याला बाहेर काढले तो सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात जागा कुणाच्या मालकीची हा प्रश्न आडवा येत नाही. आप्पांचा तोंडपाठ सातबारा तिथे नुसता ऐकून घेतला जातो.

तिसरा आक्षेप मात्र मानायला हवा. भाडेकरूही काही संत नसतो. गॅरेजसाठी घेतलेला अर्धा गाळा तो मोबाईलवाल्याला देतो, आणि नोंदणी नको असते ती त्यालाही, कारण भाड्याचा खरा आकडा दोघांनाही दाखवायचा नसतो. ‘शब्दावर चाललेय’ असे दोघे म्हणतात तेव्हा पुष्कळदा अर्थ एवढाच. खरोखर शब्दावर चालतही असेल, पण शब्द देणारा आप्पा एक आणि वारस चार. उद्या रस्ता आणखी रुंद झाला आणि गाळ्याची भिंत संपादनात गेली, तर भरपाईच्या रांगेत भाडेकरूचे फर्निचर कोणत्या कागदावर उभे राहणार? जीएसटी नोंदणीलाही जागेचा पुरावा लागतो, आणि कर्ज मागायला गेल्यावर बँक तेच विचारते. तिथे तो बिचारा आठ वर्षांत केलेले आठ करार घेऊन जातो, प्रत्येक अकरा महिन्यांचा, मध्ये एकेका महिन्याचे भोक.

तेव्हा गाळ्यात दुकान असलेल्या वाचकाला एवढेच सांगणे: नोंदणी जमेपर्यंत निदान भाडे रोख देऊ नका, खात्यावरून द्या. त्या भोकातल्या महिन्याचेसुद्धा.