डायलवाले काका

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ बाळगणाऱ्यांच्या दोन जाती. एकीला त्यातून आवाज यायला हवा असतो. ही साधी, संसारी माणसं. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसरीला डायल उजळलेली हवी असते. पुण्यात कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, या दुसऱ्या जातीचे एक काका निघतातच. बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि शर्टाच्या खिशात रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेला, कधीचाच गेलेला एक चिमुकला दिवा.

दिवा ६.३ व्होल्टचा. "सहाच का नाही?" असं चुकूनही विचारू नका. जुन्या मोटारींच्या बॅटरीतले तीन सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, त्यावरून व्हॉल्व्हच्या फिलामेंटचा हा आकडा कसा ठरला, इथपासून सुरुवात होते आणि चहा दोनदा गरम करावा लागतो.

तर असा दिवा हवा म्हणून काका पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जातात. काउंटरवरचा पोरगा टॉर्चचा दिवा पुढे करतो. "अरे, हा अडीच व्होल्टचा! लागला लागला म्हणेपर्यंत जाईल." मग पोरगा एलईडी काढतो. ती एसीवर नुसती जोडली तर सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकते. हे कुणाला दिसत नाही, काकांना दिसतं. त्यातून तो पांढराफटक प्रकाश! "मला गाणी ऐकायचीत, पोस्टमॉर्टेम नाही करायचं." शेवटी रविवारी जुन्या बाजारातून एका दिव्यासाठी आख्खा मेलेला रेडिओ घरी येतो. काकू दार उघडतात, एकदा काकांकडे बघतात, एकदा माळ्याकडे, आणि काही बोलत नाहीत.

दिवा बसला की लगेच प्लग लावायचा नाही. जुने कंडेन्सर कधी दगा देतील सांगता येत नाही, म्हणून आधी शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. रेडिओत शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटतो आणि पुढचा अनर्थ टळतो. बहुतेक वेळा तोच पेटतो. डायल काळीच. "अहो, मग हाच राहू द्या ना," काकू म्हणतात, "कोपऱ्यात छान उजेड पडतो."

डायलच्या काचेला हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही. स्टेशनांची नावं मागच्या बाजूने छापलेली. जुना रंग ओल्या फडक्याबरोबर सरळ निघून येतो. कामाच्या मावशींनी एका दिवाळीच्या साफसफाईत, चांगल्या मनाने, कोलंबो, म्हणजे काकांचं रेडिओ सिलोन, पुसलं. आता काकांकडे दिल्लीनंतर एकदम लंडन लागतं.

पण कधीतरी सगळं जुळतं. पाहुणे बसलेले असतात, काका खटका दाबतात आणि डायल पिवळसर उजळते. हा दिवा क्षणात लागतो. व्हॉल्व्ह तापून आवाज फुटायला मात्र अर्धं मिनिट जातं. ते अर्धं मिनिट काकांचं. त्या वेळी त्यांच्या तोंडावरचं समाधान बघितलं की वाटतं, आवाज आलाच नाही तर बरं.

तो येतोही तसाच. घरघर, खरखर, आणि त्यामागे कुठेतरी शेतीविषयक सल्ला. मीडियम वेव्हचा गळा आता घरातल्याच एलईडी ट्यूबा आणि मोबाइलचे चार्जर दाबतात. मग काका एकेक बटण बंद करत घरभर फिरतात. पंधरा मिनिटं सगळं घर, पाहुण्यांसकट, काळोखात बसून एक डायल बघत असतं. सूनबाईंचं ऑफिसचं काम याच वेळी का निघतं, हे काकांना कोडंच आहे.

यावर हल्ली काकांनी गुपचूप तोड काढली आहे. रेडिओच्या पोटात, स्पीकरच्या जाळीमागे, नातवाचा ब्लूटूथ स्पीकर. डायल पेटलेली, काटा पुसलेल्या कोलंबोवर, आणि तलतचा आवाज अगदी स्वच्छ. पाहुणे माना डोलवतात. "व्हॉल्व्हची सर दुसऱ्या कशाला नाही," काका डोळे मिटून म्हणतात. नाटक बिनबोभाट चाललेलं असतं. एवढ्यात कडव्याच्या मधोमध रेडिओतून एक बाई खणखणीत आवाजात सांगते, "बॅटरी लो."

काका डोळे उघडत नाहीत. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येतो, "अहो, तुमचं सिलोन चार्जिंगला लावा!"